जंतूच नाही म्हणता, मग एवढी सूज कशाची?

मी नाशकात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट न्यायला आलेली माणसं काउंटरवरच विचारतात, "ताई, कल्चर निगेटिव्ह आलंय, जंतू नाही म्हणता, मग गुडघा एवढा टम्म सुजलाय तो कशानं? अँटिबायोटिक तरी का देत नाहीत?" निफाड-पिंपळगावचे द्राक्षवाले विचारतात, सातपूरच्या कंपनीतले विचारतात, आणि मागे रांग असली की धड उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

सूज जंतू आणत नाहीत, आपलंच शरीर आणतं. आपल्या पेशींमध्ये जन्मापासूनच काही रिसेप्टर, म्हणजे धोक्याची खूण ओळखणारी प्रथिनं, असतात, त्यांना लस लागत नाही की आधी तो आजार होऊन जावा लागत नाही. एकेक जंतू वेगळा ओळखणं हे त्यांचं काम नाही, जंतूंच्या अख्ख्या गटात सापडणारी एखादी खूण ते पकडतात. टीएलआर-४ (टोल-लाइक, म्हणजे टोलसारखा रिसेप्टर) नावाचा रिसेप्टर ई. कोलायसारख्या बॅक्टेरियाच्या आवरणातला एलपीएस हा पदार्थ ओळखतो आणि लगेच गडबड सुरू होते, ताप, लाली, सूज, सगळं. असं काहीतरी असणार हे चार्ल्स जेनवे या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये नुसत्या तर्कावर मांडलं होतं, मग १९९६ मध्ये फ्रान्समध्ये हॉफमन यांच्या टीमला दिसलं की टोल नावाचा जीन बिघडलेली फळमाशी बुरशीनं मरते, १९९८ मध्ये बॉयटलरना उंदरात टीएलआर-४ सापडला, आणि २०११ च्या नोबेलमध्ये हॉफमन आणि बॉयटलर या दोघांचाही वाटा होता.

पण तुमचा गुडघा वेगळ्या रिसेप्टरचा मामला आहे. सांध्यातून काढलेलं पाणी आमच्याकडे येतं ते चांगलं असेल तर फिकट पिवळं आणि पारदर्शक दिसतं, तुमचं गढूळ असतं. त्याचा थेंब पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली ठेवला की काळ्या-जांभळ्या पार्श्वभूमीवर बारीक टोकदार सुया चमकतात, स्लाइड फिरवली की त्याच सुया पिवळ्याच्या निळ्या होतात, आणि काही सुया तर पांढऱ्या पेशीच्या पोटातच आडव्या अडकलेल्या असतात. हे युरिक अ‍ॅसिडचे क्रिस्टल, म्हणजे गाऊट. मला ती स्लाइड दर वेळी थांबून बघावीशी वाटते, कारण दुखण्याचं कारण इतकं उघड फार कमी वेळा दिसतं.

नुसत्या सुयांनी एवढं होतं का? १९६२ मध्ये मॅकार्टी आणि फेअर्स या दोन डॉक्टरांनी हे क्रिस्टल निर्जंतुक करून स्वतःच्याच गुडघ्यात टोचून घेतले, आणि काही तासांत दोघांचेही गुडघे भयंकर दुखायला लागले. जंतू एकही नव्हता. मात्र यामागचा सेन्सर कळायला २००६ उजाडलं, ते काम स्वित्झर्लंडमधल्या युर्ग चॉप यांच्या गटाचं. पेशीच्या आत एनएलआरपी३ नावाचा रिसेप्टर असतो. पेशी ती सुई गिळते, आतली पिशवी फुटते, पोटॅशियम बाहेर पडतं, ही गडबड एनएलआरपी३ ला कळते आणि तो बाकीची प्रथिनं जमवून इन्फ्लमासोम नावाचा प्रथिनांचा संच उभा करतो, त्यातून इंटरल्युकिन-१ बीटा हा सूज पेटवणारा संदेश सुटतो, रक्तवाहिन्या सैल होतात आणि पांढऱ्या पेशींची झुंबड सांध्यात उतरते. त्याआधी पेशी टोल रिसेप्टरकडून थोडी चेतलेली असावी लागते, म्हणून क्रिस्टल वर्षानुवर्षं गप्प बसतात आणि एका रात्री अचानक पायाचा अंगठा ठणकायला लागतो.

हीच यंत्रणा हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही चालते, तिथं सुयांच्या जागी कोलेस्टेरॉलचे क्रिस्टल. २०१७ मध्ये कँटोस नावाच्या ट्रायलचे निकाल आले, हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारं प्रथिन) वाढलेले १० हजारांवर पेशंट होते, त्यांतल्या काहींना इंटरल्युकिन-१ बीटा अडवणारं इंजेक्शन दिलं, बाकीच्यांना औषध नसलेलं. १५० मिलिग्रॅमच्या गटात पुन्हा अटॅक, स्ट्रोक किंवा हृदयविकारानं मृत्यू यांचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी झालं, तेही एलडीएल कोलेस्टेरॉल न उतरता! पण इंजेक्शन घेणाऱ्यांत जीवघेणी इन्फेक्शन थोडी वाढली. जे जाळतं तेच राखतही होतं, म्हणून "इम्युनिटी वाढवायला काय घेऊ" असं कुणी विचारलं की मला काळजी वाटते, तुमच्या गुडघ्यात ती आधीच नको तितकी वाढलेली आहे हो.

आता अँटिबायोटिकचं. ते बॅक्टेरियावर चालतं, सुईवर नाही. पण सांधा सुजलाय आणि थंडी वाजून ताप येतोय तर घरी थांबू नका, क्रिस्टल आणि जंतू दोन्ही एकाच सांध्यात असू शकतात, म्हणूनच सुया दिसल्या तरी आम्ही कल्चर लावतोच. आणि गाऊटचा अ‍ॅटॅक चालू असताना रक्तातलं युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं, तेवढ्यावरून गाऊट नाही असं ठरवू नका, दुखणं थांबल्यावर दोनेक आठवड्यांनी डॉक्टरांना विचारून परत तपासा.