फुटलेलं आउटर

दुकान बंद करायच्या वेळेला एक कॉलेजातला मुलगा सायकल ढकलत आला. चेहरा उतरलेला.

"दादा, उतारावर मागचा ब्रेकच गेला. लिव्हर थेट हँडलला टेकला. कालच वायरी बदलल्यात, मी स्वतः."

वायर सरकली असेल म्हणून आधी कॅलिपरचा, म्हणजे चाकावर पॅड दाबणाऱ्या चिमट्याचा, वायर धरणारा बोल्ट बघितला. घट्ट होता. पॅडही चांगले. मग लिव्हरपासून आउटरवर, म्हणजे वायर ज्यातून जाते त्या आवरणावर, बोट फिरवत गेलो आणि वळणावर टोचलं. प्लॅस्टिक फाटून पोलादी तारा केरसुणीसारख्या बाहेर आल्या होत्या. ब्रेकला गिअरचं आउटर लावलेलं!

वरून दोन्ही सारखीच काळी नळी. पण ब्रेकच्या आउटरमध्ये चपटी तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि ब्रेकचा जोर ती वेटोळी सोसतात. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने जातात. त्यामुळे ते दबत नाही आणि गिअर नेमका पडतो, पण त्या तारांना एकत्र बांधून ठेवतं ते नुसतं प्लॅस्टिक. जोरात ब्रेक मारला की ते फाटतं. ब्रेकचं सहसा ५ मिमी जाड असतं, गिअरचं ४ मिमी. तरी मी जाडीवर विसंबत नाही, कापलेलं टोक बघतो.

त्याने कापलेलं टोक मात्र बघवत नव्हतं. पक्कडीने चेपून तोडलेलं, आतली नळी मिटलेली. पक्कड दोन बाजूंनी दाबते. केबल कटरच्या पात्यांना अर्धगोल खाच असते, ती वायरला चहूबाजूंनी धरून कापते, म्हणून पीळ सुटत नाही. या कामात एकाच हत्यारावर पैसे खर्च करायचे असतील तर ते कटरवर करावेत. आणि कटरने स्पोक कधी तोडू नये. माझ्या जुन्या कटरने कोणीतरी तोडला होता. पात्याला बारीक दात पडला आणि त्या दिवसापासून प्रत्येक वायरचं टोक पिंजू लागलं.

नवं आउटर मापून कापलं, टोक कानशीने सपाट केलं. कापताना आतली नळी थोडी दबतेच, ती दाभणाने गोल उघडली. ही दोन मिनिटं वाचवली तर ब्रेक कायम जड लागतो. वायरही नवीच घेतली, १.६ मिमीची. ती ताणायला केबल पुलर आहे, पण मी बहुतेक वेळा हातानेच ओढतो. पुलरने नको इतकी घट्ट होते आणि पॅड रिमला घासतात. ५ मिमीच्या ॲलन कीने बोल्ट आवळला, वायरच्या टोकाला टोपी दाबली.

मग लिव्हर पूर्ण जोर लावून दहा वेळा दाबला. त्याने आउटर आपल्या दोन्ही टोकांच्या टोप्यांमध्ये घट्ट बसतं, वायर थोडी सैल पडते. ती पुन्हा ओढली, पुन्हा दाबून पाहिलं. आता पक्का.

त्याने पैसे काढले. मी मात्र पुढच्या चाकाकडे बघत होतो.

"वायरी बदलल्या म्हणालास. पुढची पण?"

"हो. त्याच गुंडाळीतलं आउटर होतं."

पुढचं अजून फुटलं नव्हतं. लिव्हरपाशी नुसता फुगवटा आला होता. मी कटर परत उचलला.