तुम्ही विचारलंत म्हणून : मागाशिवायची वीण

बेळगावच्या वडगावातल्या विणकराच्या घरात वाढलेली बाई सुई घेऊन मण्यांचे दागिने का विणत बसते, हा प्रश्न मला शहापूरच्या नातलगांपासून खडेबाजारातल्या दुकानदारांपर्यंत सर्वांनी विचारला आहे. बहुतेकांनी उत्तरही स्वतःच दिले आहे : घरचे माग गेले, म्हणून हा विरंगुळा. हे उत्तर मला मान्य नाही.

माग भंगारात गेले हे खरे. पण मण्यांसाठीही छोटा माग मिळतो आणि तो मी जाणूनबुजून घेतला नाही. मागावर विणले की उभ्या दोऱ्यांची, म्हणजे ताण्याची, टोके शेवटी मोकळी राहतात आणि ती लपवत बसावी लागते. सुईच्या विणीत एकच दोरा सगळा भार वाहतो. पेयोट नावाच्या विणीत सुईत नवा मणी घ्यायचा, आधीच्या ओळीतला एक मणी सोडायचा आणि त्यापुढच्या मण्यातून सुई काढायची. नवे मणी खाचांत बसत जातात. सम संख्येने सुरुवात केली तर काठावर सहज वळता येते. विषम संख्येला दोरा फिरवून आणावा लागतो.

अकरा नंबरच्या बारीक मण्यांची पहिली पट्टी पुरी झाली, तेव्हा मी ती आप्पांना दाखवली. आयुष्यभर मागावरच्या धोट्याच्या आवाजात राहिलेल्या त्या माणसाने ती चष्म्याजवळ नेली, ओढून पाहिली, उलटी केली, काठावरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काहीच म्हटले नाही. मी शाबासकीची वाट पाहत उभी होते.

"ह्याचा ताणा कुठं हाय?"

"ताणा नाही आप्पा, मणीच एकमेकांना धरतात."

"ताणा न्हाई तर ते कापड न्हवं, पोरी. माळ म्हण."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून भांडताही आले नाही. तेव्हा न बोललेले आज लिहिते. माळेचा दोरा तुटला की मणी घरभर होतात. पेयोटमध्ये प्रत्येक मण्यातून दोरा एकाहून अधिक वेळा जातो, म्हणून एका जागी तुटला तरी सगळी पट्टी लगेच उसवत नाही. चार-चार मण्यांच्या चौकटी जोडत जाणारी राइट अँगल वीण तर मनगटावर कापडासारखीच पडते.

आप्पांना नवे काही कळत नाही, असे मी त्या काळी म्हणत असे. आता तसे म्हणवत नाही. ताणा आधीच ओढून बांधलेला असतो, त्याच्या आधाराने कापड एकसारखे उतरते. माझ्या विणीचा ताण केवळ माझ्या बोटांत असतो आणि थकलेल्या हाताच्या ओळी सैल पडतात. म्हणजे त्यांचे म्हणणे मी खोडून काढले आहे, असे नाही. माळ हा शब्दही मी अजून स्वीकारलेला नाही.

मात्र विरंगुळा म्हणू नका. नळीमण्यांच्या धारेने दोरा कापतो, म्हणून त्यांच्या दोन्ही टोकांना मी गोल मणी घालते. बाजारच्या हारापेक्षा मी जास्त पैसे मागते, ते अशा कामाचे.