माझी बोरं कुणी वेचली?

रथसप्तमी, रविवार, २५ जानेवारी २०२६
रात्री साडेअकरा

दोघंही झोपलीत. उद्या झेंडावंदन, चिऊचा पांढरा गणवेश इस्त्री करून खुर्चीवर ठेवलाय. मलाही आता झोपायला हवं. पण गेला आठवडाभर तिचा एक प्रश्न माझ्या मागे लागलाय. भाजी चिरताना येतो, स्कूटरवर येतो. आज लिहून काढते.

गेल्या रविवारी बाळाचं बोरन्हाण झालं. छान झालं. सोसायटीतली मुलं, वहिनीची दोघं, शिवाय वरच्या मजल्यावरची जुळी, अशी सोळा मुलं मोजली मी. पाट मांडला, भोवती रांगोळी, पाटावर बाळ काळ्या झबल्यात. तुळशीबागेतून आणलेले हलव्याचे दागिने होते, मुकुट, हार, बाजूबंद, वाळे, बासरी. मुकुट त्यानं दोन मिनिटांत ओढून काढला आणि चाटायला लागला. वहिनी ओरडली, अगं, डिंकानं चिकटवलेला असतो तो! आईनं औक्षण केलं. मग वाटीवाटीनं त्याच्या डोक्यावरून ओतलं. चुरमुरे, चण्यामण्या बोरं, उसाचे करवे, गाजराचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या, बत्तासे, आणि मुलांच्या आग्रहाखातर चॉकलेटं. मोठी बोरं मुद्दाम घेतली नव्हती, डोक्याला लागतात.

लूट अर्ध्या मिनिटात संपली. सोळा मुलं एकदम तुटून पडली, कुणाचा पाय कुणाच्या हातावर, कुणी फ्रॉकचा ओचा केलेला, कुणी थेट टोपी काढून भरायला लागलं. बाळ आधी दचकलं. ओठ काढलेन, आता रडणार असं वाटलं, आणि मग गालाला चिकटलेला चुरमुरा जिभेनं ओढायच्या नादात रडायचं विसरलं.

चिऊ मात्र लुटायला धावली नाही. ती पाटामागे बसून दोन्ही हातांनी त्याची पाठ धरून होती, कुणी त्याच्यावर पडू नये म्हणून. मी म्हटलं, जा गं, तूही घे. तिनं नुसती मान हलवली.

रात्री केस विंचरताना तिनं विचारलं, "आई, माझं पण बोरन्हाण केलं होतं ना?"

"केलं की. पहिल्याच संक्रांतीला. फोटो आहे बघ."

"मग माझी बोरं कुणी वेचली?"

मी विंचरत राहिले. म्हटलं, "आम्हीच."

"तुम्ही मोठ्या माणसांनी?"

"हो."

"मग ती लूट कशी झाली?"

एवढंच. उत्तराची वाटही पाहिली नाही तिनं. दोन वेण्या झाल्या, उठली आणि दात घासायला गेली. तिचा आवाज रडवेला नव्हता, तक्रारीचा नव्हता. विजेच्या दिव्यात पाणी गेलं तर काय होतं, हे ती ज्या सुरात विचारते त्याच सुरात विचारलं. माझ्या मात्र पोटात तुटलं.

१४ जानेवारी २०२१. चिऊ पाच महिन्यांची. कोरोनाचं लसीकरण सुरू व्हायला अजून दोन दिवस होते, १६ तारखेला झालं, आणि तेही आधी डॉक्टर-नर्सना. अण्णांचा, माझ्या सासऱ्यांचा, नंबर कधी लागेल हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या खोलीचं दार आम्ही ओढूनच घ्यायचो. आई नाशिकला, फोनच्या पडद्यावर. तिनं तिथूनच निरांजन ओवाळलं, आणि मध्येच नेटवर्क गेलं तेव्हा ते निरांजन पडद्यावर तसंच हवेत थांबून राहिलं होतं. फोटोत चिऊ आहे, तिला धरलेले माझे हात आहेत आणि कडेला माईंच्या, सासूबाईंच्या, लुगड्याचा काठ. बस. मूल म्हणून दुसरं कुणी नाही त्या फोटोत.

मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलेय की कसं का होईना, केलं ना आपण. राहिलं तर नाही. आता कळतंय की राहिलंच होतं. बोरन्हाण म्हणजे डोक्यावरून बोरं ओतणं नव्हेच, ती आपल्या वयाच्या पोरांनी हिसकावून नेणं म्हणजे बोरन्हाण. तेवढंच झालं नव्हतं आणि साडेपाच वर्षांच्या पोरीनं नेमकं तेवढंच विचारलं.

आणि पुन्हा करता आलं नसतं असंही नाही. पाच वर्षांपर्यंत कधीही करतात. २०२२च्या संक्रांतीला पुन्हा लाट आली, पुन्हा शाळा बंद, पुन्हा चार माणसं जमवायची चोरी. २०२३ला घरात सणच नव्हता. त्याबद्दल आज लिहीत नाही. २०२४ला मला जमलं असतं. खरंच जमलं असतं. पण ऑफिसात तो महिना तसा गेला, आणि मी म्हटलं, पुढच्या वर्षी पाचवं चालू असेल, तेव्हा थाटात करू. पुढच्या वर्षी मला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. पडल्यापडल्या मी बाळासाठी टोपडी विणली. तिचं पाचवं सरून गेलं.

२०२४ची ती संक्रांत. १५ जानेवारीला होती त्या वर्षी, सोमवार. एवढं लक्षात आहे मला. आदल्या रविवारी भोगी होती, बाजरीची भाकरी, तीळ लावून, राळ्याचा भातसुद्धा केला होता मी. म्हणजे तेवढा वेळ होता. चार पोरं बोलवायला किती लागतात? अर्धा किलो बोरं, दोन किलो चुरमुरे, संध्याकाळचा एक तास.

त्या पहिल्या वर्षाचं मला काही धड आठवतच नाही, तेही आज खुपतंय. बाळंतिणीला न्हाऊ घालायला कुणी बाई आली नाही. कुणी बाळ बघायला आलं नाही. चिऊला पहिल्यांदा परक्या माणसानं कडेवर घेतलं ते लस टोचायला नेली तेव्हा, आणि त्या सिस्टरचं तोंड मास्कमध्ये. बाळाला सोळा मुलं आणि चिऊला कुणीच नाही. माझ्याही वाट्याला तेव्हा काही आलं नाही. पण मी मोठी होते. जाऊ दे.

आज सकाळी गॅलरीत दूध उतू घातलं. बोळक्यात, गोवरीवर. धूर फार झाला, चिऊ डोळे चोळत तिथेच उभी होती, उतू कधी जातंय ते बघायला. ऊन तुळशीपर्यंत आलं होतं. त्या उन्हात कोपऱ्यातली वेताची टोपली दिसली. गेल्या रविवारची उरलेली बोरं त्यात टाकून मी विसरले होते. लाल झाली होती, आणि थोडी सुरकुतली होती.

आणि मला माई आठवल्या, जमिनीवर बसलेल्या.

हे मी कसं विसरले होते कोण जाणे. त्या दिवशी बोरन्हाण झाल्यावर मी चिऊला घेऊन आत गेले, ती चुरमुऱ्यांत हात घालून रडायला लागली होती. बाहेर आले तेव्हा माई, गुडघे दुखत असून, मांडी घालून फरशीवर बसल्या होत्या आणि एकेक बोर वेचून पदरात टाकत होत्या. मी म्हटलं, माई, राहू द्या, मी झाडून घेते. तर म्हणाल्या, "बोरं झाडायची नसतात."

त्यांनी ती धुतली, पुसली आणि सुपात घालून रोज उन्हात ठेवली. कडक वाळल्यावर खलबत्त्यात हलक्या हातानं कुटली, बिया बाजूला काढल्या, चाळली, मीठ-गूळ घातला. बोरकूट. एका काचेच्या बरणीत भरून वरच्या फळीवर ठेवलं.

हलवाही त्यांनीच केला होता त्या वर्षी. बाहेरचं काही आणायचं नाही असं ठरलं होतं, आणलेलं सगळं पुसून घ्यायचो आम्ही, आणि हलवा कसा पुसणार? मग चार दिवस रोज सकाळी माई परात मंद आचेवर ठेवायच्या. परातीत खसखस. चमचाभर पाक घालायच्या आणि बोटांनी हलवत राहायच्या, गोल, गोल, तो सुकेपर्यंत. मग पुन्हा चमचाभर. पाच बोटांची टोकं लाल झालेली असायची. काटा पहाटेच्या थंडीत येतो म्हणून साडेपाचला सुरू करायच्या. आणि एवढं करून काटा काही मनासारखा आला नाही. बारीक, बोथट आला. "यंदा थंडीच नाही," एवढं बोलून त्यांनी तो दोऱ्यात ओवला. एक हार आणि दोन वाळे. मुकुट झाला नाही, हलवा पुरला नाही.

मला तेव्हा त्या हाराची थोडी लाजच वाटली होती. मैत्रिणीच्या मुलाचे फोटो आले होते, नखशिखान्त मढवलेला. मी चिऊचा फोटो कुणालाही पाठवला नाही.

ते बोरकूट चिऊनं खाल्लं. त्या वर्षी नाही, तेव्हा तिला दातसुद्धा नव्हते. पुढच्या वर्षी, दीड वर्षाची झाल्यावर. दुपारी माई तळहातावर चिमूटभर घ्यायच्या आणि ही तो हात दोन्ही हातांत धरून चाटायची. आंबटानं डोळे मिटायचे, अंग शहारायचं, आणि पुन्हा हात ओढायची. माई म्हणायच्या, "संपलं, संपलं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बरणी खाली यायची. उन्हाळाभर पुरलं ते. माई गेल्या त्याच वर्षी दिवाळीनंतर.

ती बरणी आहे अजून. आज उघडून बघितली. मेथ्या आहेत तीत, मीच कधीतरी भरल्या असणार.

दुपारी जेवणं झाल्यावर मी टोपलीतली बोरं धुतली आणि ताटात पसरून गॅलरीत ठेवली. सूप आता घरात नाही. चिऊ शेजारी येऊन बसली. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, तू विचारत होतीस ना, तुझी बोरं कुणी वेचली? आजीनं वेचली. एकटीनं, सगळी. आणि त्याचं कूट करून तुलाच खाऊ घातलं.

ती विचार करत राहिली. आजी तिला फोटोतूनच आठवते, तो तळहात आठवत असेल असं नाही. म्हणाली, "म्हणजे माझी बोरं मीच खाल्ली?"

"हो."

"सगळी?"

"जवळजवळ सगळी."

मला वाटलं, आता खूश होईल. तिचा चेहरा पडला.

"मग मुलांना काहीच नाही मिळालं?"

मी म्हटलं, अगं, मुलं आलीच नव्हती. कुणीच घराबाहेर पडत नव्हतं तेव्हा.

"त्यांच्या घरी बोरं होती का?"

मला काही सांगता येईना. आठ दिवस मी तिच्यासाठी झुरत होते, की हिच्या वाटचं राहिलं. आणि ही आठ दिवस त्या न आलेल्या मुलांचा हिशेब करत होती. लुटायला मिळालं नाही ते त्यांना, असं तिच्या मनात. तिनं बाळाची पाठ धरून त्या सोळांकडे बघितलं, आणि तेव्हा तिला ती दुसरी मुलं आठवली असतील. मी तिच्या डोळ्यांत माझंच दुःख वाचत बसले.

तरी २०२४ची संक्रांत माझ्या मनातून जाणार नाही. ते माझं आहे, ते तिच्यावर घालायला नको.

"ह्याचं कूट झालं की मी शाळेत नेऊ का?" तिनं विचारलं. "आमच्या वर्गात सगळे तेव्हाचेच आहेत."

तेव्हाचेच आहेत. वर्गातली सगळी पोरं २०२०ची, नाहीतर त्याच्या जरा मागची-पुढची. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मी हो म्हटलं. वाळायला किती दिवस लागतील मला माहीत नाही, माईंनी किती दिवस ठेवली होती तेही आठवत नाही. विचारायला कुणी नाही असं मनात आलं तेवढ्यात अण्णा बाहेर आले. दुपारचे झोपतात ते, आज आवाजानं उठले असतील. ताटाकडे बघत बराच वेळ उभे राहिले. माईंबद्दल ते बोलत नाहीत. तीन वर्षांत मी ऐकलेलं नाही.

म्हणाले, "देठं काढलीस का?"

"नाही."

"ती आधी देठं काढायची. मग धुवायची." आणि काठी भिंतीला टेकवून खुर्ची ओढली.

मग आम्ही तिघांनी बसून देठं काढली. बाळ अण्णांच्या मांडीवर होतं, सारखं ताटाकडे झेपावत होतं, आणि चिऊ दर वेळी त्याची मूठ उघडून बोर काढून घेत होती.