तुम्ही विचारलंत म्हणून : तमिळ येत नाही, मग इळैयराजांचं ऐकतेस तरी काय?

मागच्या महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारात एका साखरपुड्याला गेले होते. पंगतीत शेजारी एक जुन्या ओळखीच्या काकू बसल्या होत्या. तमिळ चित्रपटांचे संगीतकार इळैयराजा यांची गाणी मी ऐकते, हे कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. श्रीखंड वाढून होईपर्यंत त्यांनी धीर धरला आणि मग विचारलंच, "अगं, तुला तमिळ येतं का?" म्हटलं, नाही येत. "मग ते इळैयराजा इतकी वर्षं ऐकतेस म्हणजे ऐकतेस तरी काय?"

वर्षातून चार-पाचदा तरी कुणी ना कुणी मला हे विचारतंच. समोरच्या ब्लॉकमधल्या बेन "समजे छे कंई?" असं विचारतात, भाचा त्याच्या पद्धतीने विचारतो, मुद्दा एकच. पंगतीत दोन वाक्यांत काय सांगणार! पण काकू, तुम्ही मनापासून विचारलंत, म्हणून आता बसून नीट सांगते.

बाबा कोयलीच्या रिफायनरीत होते आणि आम्ही जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शेजारी एक तमिळ कुटुंब होतं. त्यांच्यातही मामी म्हणतात, आपल्यातही म्हणतात, त्यामुळे त्या बाई पहिल्या दिवसापासून आमच्या मामीच झाल्या. संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून कढीपत्त्याच्या फोडणीबरोबर टेपरेकॉर्डर ऐकू यायचा. १९८८ सालची गोष्ट. आई पोळ्या लाटत होती, ती मधेच थांबली. "ही लता आहे," म्हणाली. शब्द एकही ओळखीचा नाही, पण आवाज लताबाईंचाच. लाटणं हातात तसंच घेऊन ती मामींच्या दारात जाऊन उभी राहिली. 'सत्या' नावाच्या तमिळ चित्रपटातलं 'वळैयोसै' होतं ते, सोबत एस. पी. बालसुब्रह्मण्यम. वळैयोसै म्हणजे बांगड्यांचा आवाज, हे मामींनी स्वतःच्या हातातल्या बांगड्या वाजवून सांगितलं. संगीतकाराचं नाव त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. लोक 'इलयाराजा' लिहितात, म्हणतात, पण मूळ तमिळ नावात ळ आहे आणि मराठी माणसाला तो सहज म्हणता येतो, म्हणून मी आवर्जून इळैयराजा म्हणते.

आई लताबाईंसाठी गेली होती. मी त्या कॅसेटींमध्ये अडकले ती आजतागायत.

माझ्याकडे मुंबईच्या मामेभावाने वापरून दिलेला वॉकमन होता. त्याच्या हेडफोनचा उजवा कान बंद होता. मामींची एक कॅसेट मी महिनाभर त्या एकाच कानाने ऐकली. कव्हर हरवलेलं होतं, त्यामुळे गाण्याचं नाव कळायला मार्ग नव्हता. मुखडा, मग व्हायोलिनांचा पीस, म्हणजे मुखडा आणि अंतऱ्याच्या मधलं नुसत्या वाद्यांचं संगीत, अंतरा, पुन्हा पीस, शेवटी बासरी, सगळं पाठ झालं होतं. त्यात कुठे काही कमी आहे असं एकदाही वाटलं नाही. दिवाळीला बाबांनी नवा हेडफोन आणला. तीच कॅसेट लावली आणि पहिल्या पीसला उजव्या कानात एक अख्खी दुसरी चाल सुरू झाली! मी महिनाभर ज्या व्हायोलिनांना एकटं समजत होते, त्यांना पलीकडून सतत कुणीतरी उत्तर देत होतं. आणि ते उत्तरही तेवढंच भरलेलं होतं. चुकून डावा कान बंद असता, तरी मला तेवढ्यावर तसंच पूर्ण गाणं मिळालं असतं. हा कान झाक, तो कान झाक, असं करत मी पलंगावर किती वेळ बसले होते कोण जाणे. मग दोन्ही कान मोकळे सोडले आणि रडू आलं.

काकू, मी काय ऐकते त्याचं उत्तर त्या पलंगावर आहे. पण ते मला समजायला अजून दोन वर्षं गेली.

तेव्हा मी सुरसागरच्या काठच्या आपल्या म्युझिक कॉलेजात व्हायोलिन शिकत होते. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, तिचंच हे आजचं रूप. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी बसवली, तिच्यात पुस्तकं लिहिली आणि मुलांना लिहिलेलं वाचून गायला शिकवलं. पुढे १९१६ मध्ये भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. सूर कागदावर उतरवायची सवय आपल्या गावाला अशी जुनी आहे. त्यामुळे लिहिलेलं संगीत कोरडं असतं असं कुणी म्हणालं की मला मनापासून वाईट वाटतं.

वर्गात शिकवत ती मुख्यतः साथ. गायकाने जागा घेतली की आपण तिच्या मागोमाग, सावलीसारखं जायचं. ती विद्या मोठी आहे आणि ती ज्यांना साधते त्यांच्यापुढे मी आजही हात जोडते. पण गणेशोत्सवात कार्यक्रम करणाऱ्या एका वाद्यवृंदात मी जायला लागले, तिथे मला सेकंड व्हायोलिन मिळालं. पहिल्या रांगेने चाल वाजवायची आणि आम्ही मागे बसून सूर धरायचा. चार मात्रा षड्ज, चार मात्रा पंचम, गज वर, गज खाली. माझ्या हातातला कागद घरी नेऊन एकटीने वाजवला तर आईलासुद्धा गाणं ओळखता येत नसे. मागच्या रांगेचं काम असंच असतं, असं मी धरून चालले होते.

१९९० च्या पावसाळ्यात मी त्या कॅसेटवरच्या गाण्याचा मधला पीस कानाने उतरवायला घेतला. वरची ओळ दोन दिवसांत झाली. खालच्या ओळीला तीन आठवडे लागले. रिवाइंड करकरून टेप खरखरायला लागली, वहीच्या पानांवर राळेची पांढरी भुकटी पडायची आणि ती पुसताना पेन्सिलीचं लिखाणही पुसलं जायचं. एका संध्याकाळी भांडी विसळताना मी काहीतरी गुणगुणत होते. आईने विचारलं, "कुठलं गं गाणं? गोड आहे." ते कुठलंच गाणं नव्हतं. ती मागच्या रांगेची, सेकंड व्हायोलिनची ओळ होती.

माझ्यासारख्या मागे बसणाऱ्या मुलीसाठी कुणीतरी एवढी सुंदर ओळ लिहिली होती. मद्रासच्या त्या स्टुडिओत ती वाजवणारा माणूस घरी जाताना तीच गुणगुणत गेला असेल, असं माझ्या मनात आलं.

ह्या तंत्राला काउंटरपॉइंट म्हणतात. दोन किंवा तीन चाली एकाच वेळी चालतात, प्रत्येक स्वतःच्या पायावर, आणि तरी कुठेही एकमेकींच्या अंगावर येत नाहीत. आपल्याकडे एकच चाल धरून तिच्यात खोल उतरायची रीत आहे, इथे चाली शेजारी-शेजारी राहतात. युरोपात जर्मन संगीतकार बाखने हे टोकाला नेलं. आणि ते आत्मसात करणारा आपला माणूस कुठून आला? तमिळनाडूतल्या पन्नैपुरम नावाच्या खेड्यातून. जन्म १९४३ चा. थोरल्या भावाच्या फिरत्या गायनमंडळाबरोबर गावोगाव हिंडत वाढलेला मुलगा १९६८ मध्ये मद्रासला आला, धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीत शिकला आणि १९७६ मध्ये 'अन्नक्किळि'पासून स्वतंत्रपणे चित्रपटांना संगीत देऊ लागला. पुढे हजाराच्या वर चित्रपट झाले. त्यांच्याकडे वाजवलेले वादक सांगतात की ते पेटी पुढ्यात न घेता थेट कागदावर लिहितात, प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी, आणि ती वाजायच्या आधीच त्यांच्या कानात पूर्ण वाजलेली असते.

१९८६ मध्ये त्यांनी एक बिनशब्दांचा अल्बम केला, कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज आणि बाख या दोघांना वाहिलेला. त्यात बाखच्या एका व्हायोलिन पार्टिटाचा, म्हणजे अनेक तुकड्यांच्या वाद्यरचनेचा, आरंभीचा तुकडा जसाच्या तसा येतो आणि व्ही. एस. नरसिंहन यांचं कर्नाटक वळणाचं व्हायोलिन त्याच्यावरून चालू लागतं. एक उभं राहून, हनुवटीखाली धरून वाजवायचं संगीत, दुसरं मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून वाजवायचं. मीही बसूनच वाजवते, त्यामुळे ते ऐकताना माझा उजवा पाय आपोआप वळतो. भाषेचा प्रश्न विचारणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच ऐकवते. ह्यात तमिळ नाही आणि जर्मनही नाही.

मग 'दळपति'. १९९१ चा चित्रपट. त्यातलं 'सुंदरी' हे गाणं कल्याणीत आहे, म्हणजे आपल्या यमनात. मी यमन तीन वर्षं घोटला होता. संध्याकाळचा, दिवा लावल्यावरचा, शांत. तो यमन इथे लढाईला निघतो. पडद्यावर नायक सामुराईच्या वेषात, आणि मागे सबंध वाद्यवृंद तो तीव्र मध्यम असा उचलून धरतो की ऊर भरून येतो. राग कुठेही मोडत नाही. माझ्या गुरुजींना मी ते भीत भीत ऐकवलं होतं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "परत लाव." माझ्या व्हायोलिनला एवढी दाद त्यांनी कधी दिली नव्हती!

हिंदीतले 'सदमा', 'चीनी कम' आणि 'पा' लोकांना माहीत असतात. सुरेश वाडकरांचं 'ऐ जिंदगी गले लगा ले' आवडणारा मराठी माणूस तर घरोघरी आहे, फक्त ते इळैयराजांचं आहे हे लक्षात नसतं. 'हे राम'ची हकिकत मात्र सांगायला हवी. गाणी दुसऱ्या संगीतकाराच्या चालींवर चित्रित होऊन गेली होती. इळैयराजांनी त्या चित्रित दृश्यांवर, ओठांच्या हालचालींवर नव्या चाली बसवल्या आणि वाद्यवृंद बुडापेस्टला जाऊन ध्वनिमुद्रित केला. पार्श्वसंगीतासाठी त्यांना पुढे दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'पळस्सीराजा' आणि 'तारै तप्पट्टै' यांसाठी. दुसरा तर त्यांचा हजारावा चित्रपट.

बडोद्यात इळैयराजांचं वेड असलेले आम्ही पाच जण आहोत. एक निवृत्त बँकवाले, एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, दोन गुजराती बहिणी आणि मी. महिन्यातून एका रविवारी जमतो, आधी सेवउसळ, मग ऐकणं. एका बैठकीत एकच गाणं आणि ते पाच वेळा. पहिल्यांदा सगळं. दुसऱ्यांदा कान फक्त बास गिटारवर ठेवायचा, कारण त्यांची बास गिटार ठेका धरून गप्प बसत नाही, तीही खालून गात असते. तिसऱ्यांदा व्हायोलिनं, चौथ्यांदा उरलेलं. पाचव्यांदा पुन्हा सगळं, आणि ह्या पाचव्या वेळी कुणी बोलायचं नाही. आमच्यात भांडणंही होतात. माझं मत असं की ऐंशीच्या दशकातल्या आणि नव्वदच्या सुरुवातीच्या कामाला तोड नाही. नंतर कीबोर्डने बरीच जागा खाल्ली. बँकवाल्यांना हे अजिबात पटत नाही आणि ते पुराव्यादाखल दर वेळी नवं गाणं घेऊन येतात.

हे सगळं आपल्याला परकं आहे असं मात्र कुणी म्हणू नये. २०१६ मध्ये 'सैराट' आला, त्यातल्या 'याड लागलं'चा वाद्यवृंद अजय-अतुलनी हॉलीवूडला जाऊन ध्वनिमुद्रित केला, आणि गावागावांतल्या पोरांनी ती सुरुवातीची व्हायोलिनं तोंडाने वाजवून दाखवली. अजय-अतुल इळैयराजांना किती मानतात, हे त्यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितलंय. ज्यांना 'याड लागलं' कळलं, त्यांना माझं वेड कळायला काहीच हरकत नाही. एक तक्रार मात्र आहे. हल्ली साठ-साठ व्हायोलिनं एकच सूर ओढतात आणि लोक त्याला भव्य म्हणतात. साठ माणसांनी एकच वाक्य म्हटलं की आवाज मोठा होतो, संवाद होत नाही.

८ मार्च २०२५ ला लंडनमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने इळैयराजांची 'व्हॅलियंट' ही सिंफनी, म्हणजे सबंध वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना, वाजवली. त्यांचं वय वर्षं ८१. पडदा नाही, नायक नाही, गाणं नाही, फक्त मांडून बसलेले वादक आणि प्रत्येकापुढे त्याचा त्याचा कागद. आम्ही पाचही जण त्या रात्री फोनला चिकटून बसलो होतो, तिथे गेलेल्यांचे निरोप येतील तसे एकमेकांना वाचून दाखवत. मला राहून राहून सेकंड व्हायोलिनच्या रांगेची आठवण येत होती.

मामी आता कोइमतूरला मुलाकडे असतात. गेल्या डिसेंबरात बडोद्याला आल्या तेव्हा चार दिवस माझ्याकडे राहिल्या. एका दुपारी मी ते जुनं, एका कानाने ऐकलेलं गाणं लावलं आणि म्हटलं, "मामी, पस्तीस वर्षं होऊन गेली. आता तरी ह्याचा अर्थ सांगा." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. पहिल्या ओळीचा अर्थ आपल्या मोडक्या मराठीत अगदी मन लावून सांगितला. दुसऱ्या ओळीचा अर्धा सांगून झाला, तेवढ्यात मुखडा संपला आणि पीस सुरू झाला. मामींनी बोट वर केलं.

"थांब," म्हणाल्या, "आधी हे ऐक."

दुसऱ्या ओळीचा उरलेला अर्थ विचारायचा राहूनच गेला.