जुना इम्पेलर कुठाय?

कृष्णेवरचा कल्लोळ-येडूर पूल-बंधारा पाण्याखाली गेला की बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडी तालुक्यातल्या कितीतरी लोकांचा जवळचा रस्ता तुटतो. 2019 च्या ऑगस्टात तर कृष्णाकाठची माणसं नावांतून बाहेर काढावी लागली होती. म्हणून मृग तोंडावर आला की नावेच्या इंजिनाचं काम मी उद्यावर टाकत नाही.

त्या दिवशी येडूरकडच्या एका नावाड्याकाकांचा फोन आला. 25 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागं लावायचं इंजिन, दुसरीकडून नुकतंच सगळं खोलून नव्यानं बांधून आणलेलं. पिस्टन, रिंगा, पाण्याचा पंप, सगळं नवं. "एवढा खर्च केलो, तरी पाणी बारीकच मारतंय बघा की. जरा चाललं की हात लावू देत नाही."

आउटबोर्डचा पंप खाली गिअरपेटीवर बसतो. उभ्या शाफ्टवर रबरी इम्पेलर फिरतो आणि इंजिन थंड ठेवायला नदीचं पाणी नळीतून वर ढकलतो. त्यातलीच एक धार बाहेर पडते, नावाड्याची नजर कायम तिच्यावर असते.

खालचा भाग उतरवला. इम्पेलर कोरा, पाती बरोबर दिशेला वळलेली, इम्पेलर शाफ्टला धरून ठेवणारी चावी जागेवर, नळीचं रबरी बूचही नीट. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की उघडणारी पाण्याची झडप, गरम पाण्यात टाकला, उघडला. पंपात खोट नव्हतीच.

"काका, जुना इम्पेलर ठेवलाय काय हो?"

नशिबानं तो पिशवीत होता. दोन पाती मुळापासून गायब, उरलेल्यांच्या कडा जळून चकाकलेल्या. पंप कधीतरी कोरडा चालला होता. हे रबर पाण्याशिवाय फिरलं की बघता बघता जळतं, आणि तुटलेलं पातं पाण्याबरोबर वर जाऊन कुठंतरी अडकतं. बांधणाऱ्यानं नवा इम्पेलर बसवला, पण जुन्याची पाती गेली कुठं, हे बघितलंच नाही. अशा कामाचा मला फार राग येतो. पुरात मधोमध इंजिन जाम झालं तर नावेत माणसं असतात.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडून साफ केलेलं होतं, म्हणजे अडकलं असणार ते त्याच्या खाली, नळीच्या वरच्या वळणात. थर्मोस्टॅटच्या जागी शेतातल्या मोटारीचा पाइप धरला आणि बेतानं उलटं पाणी सोडलं. आधी लाल गाळ आला, मग धार तटली. खालून नळीत तार घालून हलवली, तसा नखाएवढा काळा तुकडा घरंगळत बाहेर पडला. मागोमाग आणखी काही. घाटाच्या पायरीवर ते जुन्या इम्पेलरला जुळवून बघितले, तर एका पात्याचा कोपरा अजून कमी. परत पाणी, परत तार. तो कोपरा पडलेला काकांनाच आधी दिसला.

सगळं जोडून नाव प्रवाहाच्या उलट फुल्ल थ्रॉटलवर नेली. धार जाड, सरळ. हेडवर हात ठेवला तर टिकत होता.

"दुधाचे कॅन पलीकडं न्यायचेत. नेऊ काय?"

"न्या की. पण काठाच्या गाळात इंजिन चालू करू नका. बांबूनं ढकलून खोल पाण्यात जावा, मगच दोरी ओढा."