अंगकोरची छोटी फेरी, सायकलवरून आणि उलट्या दिशेने

कंबोडियात अंगकोरला, म्हणजे ख्मेर राजांच्या जुन्या देवळांच्या परिसरात, जाणारे बहुतेक जण टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, ठरवतात. मी नकाशा पाहिला आणि सायकलच घ्यायची हे पक्कं केलं. तिथे देवळं पाहायच्या दोन ठरलेल्या फेऱ्या आहेत, छोटी १७ किलोमीटरची आणि मोठी २६ किलोमीटरची. सियाम रीप शहरातून जाणं-येणं धरलं तरी छोटी फेरी तिशीच्या आसपासच भरते. रस्ता डांबरी, जवळजवळ सपाट आणि बराचसा दाट सावलीतला. ज्यांना रोज सायकलची सवय नाही त्यांनाही ती सहज जमेल.

तिकिटाचं काम आदल्या संध्याकाळी उरकलं. एका दिवसाचे ३७ डॉलर, तीन दिवसांचे ६२. तीन दिवसांचं तिकीट दहा दिवसांत कधीही वापरता येतं, म्हणून मी तेच घेतलं. खिडकीवरच फोटो काढून तिकिटावर छापतात. संध्याकाळी पाचनंतर घेतलेलं तिकीट दुसऱ्या दिवसापासून मोजलं जातं, त्यामुळे पहाटे रांगेत वेळ जात नाही. सायकल भाड्याने घेताना ब्रेक, सीटची उंची आणि कुलूप नीट तपासून घेतलं. एक गोष्ट मात्र मनाला सारखी बजावावी लागली: इथे वाहनं उजवीकडून चालतात. सरळ रस्त्यावर त्रास नाही, पण वळताना आपली सवय डावीकडे ओढते.

आता दिशेबद्दल. सगळे आधी सूर्योदयाला अंगकोर वाट हे सर्वांत मोठं मंदिर, मग बायोन आणि शेवटी ता प्रोम ही देवळं असे जातात. मी बरोबर उलटा निघालो, कारण अंगकोर वाटचं तोंड पश्चिमेला आहे आणि दुपारनंतरचं ऊन त्याच्या दर्शनी भागावर पडतं. शिवाय गर्दी समोरून येते, आपल्या बरोबर चालत नाही.

बहुतेक देवळं सकाळी साडेसातला उघडतात, पण स्रा स्रांग हा राजाचा तलाव पाचलाच खुला होतो. त्याचा घाट पश्चिम काठावर, नागाच्या कठड्यांचा. तिथे बसलं की सूर्य समोरच्या पाण्यावरून वर येतो. देवळं उघडेपर्यंत बाजूच्या वस्तीतून सायकल फिरवली. खांबांवर उभी लाकडी घरं, घराखालच्या सावलीत खाट आणि झोळी, कापणी झालेली भातखाचरं, त्यात चरणारी गुरं. ताडाच्या बुंध्याला बांबूची शिडी बांधलेली दिसली. वरून काढलेला रस मोठ्या कढईत आटवून ताडगूळ करतात. या दिवसांत, म्हणजे कोरड्या हंगामात, हे काम जोरात असतं. या तासाभरासाठी तरी सायकलच हवी. टुकटुक अशा वाटांना वळत नाही.

मग थोडं मागे येऊन प्रासात क्रावान पाहिलं. याने वर्तुळ जरा मोडतं, पण हे देऊळ मराठी माणसाने सोडू नये असं मला मनापासून वाटतं. ९२१ सालच्या या विटांच्या पाच शिखरांपैकी मधल्याच्या आत शिरलं की भिंतीवर त्रिविक्रम विष्णू आहे, वामनाचं ते तीन पावलांचं रूप. विटा रचून मग त्यांच्यातच कोरलेला. शेजारच्या भिंतीवर गरुडारूढ विष्णू, आणि उत्तरेच्या शिखरात लक्ष्मी. बाहेरून साधं दिसतं, म्हणून लोक न थांबता पुढे जातात.

ता प्रोमला झाडांची मुळं भिंतींना कवटाळून बसली आहेत. ख्मेर राजा सातव्या जयवर्मनने ११८६ मध्ये आईच्या स्मरणार्थ उभारलेल्या या मंदिराच्या जतनाचं काम भारतीय पुरातत्त्व खात्याने केलं आहे, हे वाचून बरं वाटलं. ता केओ हे देऊळ बाहेरूनच पाहिलं. तिथून विजयद्वारातून अंगकोर थोम या जुन्या राजधानीच्या तटात शिरायचं. आतल्या बायोनला सगळे वरच्या शिखरांवरचे चेहरे पाहतात. मी बाहेरच्या भिंतीपाशी रेंगाळलो: बाजार, स्वयंपाक, कोंबड्यांची झुंज, सैन्यामागून निघालेल्या बैलगाड्या. सकाळीच वस्तीतून आल्यामुळे ही शिल्पं जुन्या काळची वाटतच नव्हती.

उन्हाची वेळ दक्षिण दरवाजाजवळच्या सावलीत काढली. पाणी भरपूर ठेवा, थंडीच्या महिन्यांतही दुपार तापते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, नाहीतर अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्यावर सोडत नाहीत.

अंगकोर वाटला मी जरा उशिराच पोचलो, आणि ते हवंच होतं. राजा दुसऱ्या सूर्यवर्मनने बाराव्या शतकात बांधलेलं हे विष्णूचं मंदिर. त्याच्या ओवऱ्यांतली शिल्पं डाव्या हाताला ठेवून, म्हणजे प्रदक्षिणेच्या उलट दिशेने वाचायची असतात. पश्चिमेला कुरुक्षेत्र, शरपंजरी भीष्मासकट. पूर्वेला सुमारे ४९ मीटर लांबीचं समुद्रमंथन, मधोमध विष्णू, खाली कूर्म. लहानपणापासून ऐकलेली कथा इतक्या लांबलचक रांगेत उभी पाहताना मी दोनदा सुरुवातीला परत गेलो.

अंधार पडायच्या आत शहरात पोचायला हवं, कारण सायकलला दिवा असेलच असं नाही. तिकिटाचे दोन दिवस शिल्लक होते. दुसऱ्या दिवशी २६ किलोमीटरची मोठी फेरी केली. तीही सायकलवरूनच.