मोटार जळाली का अडकली?

नऊ वर्षांचा मुलगा दुपारी आणला, तोवर चार-पाच उलट्या होऊन गेल्या होत्या. एरवी उलट्यांनी पोर सुकलं की नाडी पळते. याची मिनिटाला 46. वडिलांच्या मुठीत फोडलेली बिट्टी होती. पिवळ्या कण्हेरीखाली खेळता खेळता त्याने आतली बी चावून खाल्ली होती.

ईसीजीत वरच्या कप्प्यातले काही ठोके खाली पोचतच नव्हते. रक्तातलं पोटॅशियम 6.2. माझ्या पोटात गोळा आला, कारण हे जास्तीचं पोटॅशियम पेशींच्या आतून आलं होतं.

पेशीच्या आत पोटॅशियम लिटरमागे 140 मिलिमोलच्या आसपास, बाहेर जेमतेम 4, सोडियमचं उलटं. हा फरक राखतो पडद्यातला पंप: एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्चून 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्को यांना तो 1957 साली खेकड्याच्या मज्जातंतूंत सापडला. बिट्टीचं विष नेमकं त्यालाच धरतं. मग सोडियम आत साचतं, आणि सोडियमच्या आत येण्याच्या ओढीवर बाहेर टाकलं जाणारं कॅल्शियमही आतच राहतं.

पोटॅशियम वाढलं की आमचा हात आधी कॅल्शियमच्या इंजेक्शनकडे जातो. सिस्टरने ते काढलंही होतं. मी थांबवलं; पेशींत कॅल्शियम आधीच साचलेलं होतं. पोटातलं विष शोषायला कोळशाची पूड पाजली, नाडी वाढवायला अ‍ॅट्रोपिन दिलं, ग्लुकोजबरोबर इन्सुलिन सुरू केलं. इन्सुलिनसुद्धा याच पंपाला जोर देतं. विषातून वाचलेले पंप कामी येतील, एवढाच भरवसा. तात्पुरत्या पेसमेकरची वायर उशाशी ठेवली.

वडिलांना सांगितलं, "दादा, विहीर खणताना झरे लागतात, इंजिन लावून पाणी उपसत राहावं लागतं ना? पेशीचं तसंच आहे. पोराचा उपसा थांबलाय."

ते क्षणभर गप्प राहिले. "मॅडम, मोटार जळाली म्हणायची का नुसती अडकली?"

इतक्या वर्षांत मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. "अडकलीय," मी म्हटलं. "विष सुटलं की फिरेल. तोवर हृदय चालतं ठेवायचं."

रात्री दोनदा नाडी 40 वर आली, दोन्ही वेळा अ‍ॅट्रोपिनने सावरली. पहाटे पोटॅशियम 5.1, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 4.3. तिसऱ्या दिवशी ईसीजीत एकही ठोका गळला नाही. वायरचं पाकीट न फोडताच कपाटात परत गेलं.